पालीनं अन्न सोडलं तेव्हा

लेक लग्न होऊन नागपूरला गेली, तेव्हा तिच्या सामानातली एकच गोष्ट सासरी चालणार नव्हती. तिची पाल. कॉलेजात असताना तिनं ती पुण्याच्या एका दुकानातून आणली होती. अंगानं पिवळी, वर काळे ठिपके, शेपटी बोटभर जाड. भिंतीवर चढणं हिला जमत नाही, म्हणून काचेच्या पेटीत राहायची. दुकानदारानं नर म्हणून दिलेली, त्यामुळं लेक तिला 'तो' म्हणायची.

मग पुंडलिकनगरच्या घरात आम्ही दोघं नवराबायको आणि ती पाल. जन्मभर पाल दिसली की मी झाडू उचललेला. आता रोज संध्याकाळी चिमट्यात जिवंत अळी धरून तिच्यापुढं बसायची. कोंड्यात ठेवलेल्या अळ्यांचा डबा फ्रिजमध्ये असायचा. एकदा ह्यांनी कसली तरी चटणी समजून तो उघडला, तेव्हापासून फ्रिजला हात लावायच्या आधी मला विचारायचे.

थंडी सरत आली आणि पालीनं खाणं सोडलं. अळी पुढ्यात वळवळायची, ती बघायची, आणि सावकाश मान फिरवायची. रुसलेलं लेकरू फिरवतं तशी. पण लेकराला निदान विचारता येतं.

मी लेकीला फोन लावला.

"आई, पेटीखालची विजेची गादी गरम आहे का?"

"हाताला तर लागते."

"त्याची चरबी शेपटीत असते. शेपटी बारीक झालीय का बघ."

मी काचेला नाक लावलं. "झालीय वाटतं." मग पुन्हा बघितलं. "नाही गं, आहे तशीच आहे."

"आई, नक्की काय ते सांग ना!"

रोज बघणाऱ्याला काय नक्की कळणार? मला खरंच काही कळत नव्हतं.

हे दौलताबादकडच्या खेड्यात, गुराढोरांत वाढलेले. तेही पेटीपुढं उकिडवे बसले. "गाईचं रवंथ थांबलं की कळतं, नाक कोरडं पडलं की कळतं. हिचं काय बघायचं? लई अवघड जनावर हाय." दुसऱ्या दिवशी मात्र शेजारच्या रिकाम्या प्लॉटमधून पिशवीत एक नाकतोडा धरून आणला. पेटीचं झाकण उघडताच नाकतोड्यानं उडी मारली ती थेट पडद्यावर. पालीनं त्याचं उडणं बघितलं आणि डोळे मिटले.

शेवटी तिला डब्यात घालून, डबा शालीत गुंडाळून आम्ही स्कूटरवरून जनावरांच्या दवाखान्यात गेलो. बाकावर कुत्रं घेऊन बसलेल्या गृहस्थांनी विचारलं, डब्यात काय आहे? ह्यांनी सांगितलं, "कासव."

डॉक्टर तरुण होते. त्यांनी तिला हलक्या हातानं उलटी धरून पोटावर टॉर्च मारला. "ताई, मी कुत्री बघतो, म्हशी बघतो. हिच्या पोटात काहीतरी आहे. गाठ आहे का अडकलेलं अन्न, मला सांगता यायचं नाही. खोटं कशाला बोलू? पुण्यात माझ्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत, त्यांना फोटो पाठवतो."

गाठ हा शब्द घेऊन मी घरी आले. गादी जास्त गरम झाली की काय म्हणून बंद करायची, मग गारठेल म्हणून परत लावायची. अळी द्यावी तर तिला त्रास, न द्यावी तर उपास. एका पालीसाठी माझ्या घशाखाली घास उतरेना, याचंही मला नवल वाटत होतं.

पुण्याहून निरोप यायच्या आधीच सकाळी पेटीतल्या ओल्या मातीच्या डब्यात दोन अंडी दिसली. पांढरी, लांबट, मऊ. मी ह्यांना हाक मारली. ते येऊन पेटीवर वाकले.

"म्हणजे ही बाई हाय?"

"व्हय," मी म्हणाले.

लेक फोनवर हसत सुटली. अंडी घालायच्या वेळेला माद्या खाणं सोडतात म्हणे. नर नाही, त्यामुळं पिल्लं निघणार नाहीत, टाकून दे, म्हणाली. टाकून दे म्हणणं सोपं. दोन दिवस अंडी वाटीत ठेवली, मग कढीपत्त्याच्या बुडाशी पुरली. दुःख करावं असं काही झालं नव्हतं, तरी हात धुताना उगाच भरून आलं.

आता खाईल, असं सगळे म्हणाले. नाही खाल्लं. मग एका संध्याकाळी मी नुसतंच बघायला म्हणून अळी पुढं केली आणि तिनं झडप घातली. चिमटा माझ्या हातातून पडला. दुसरी दिली, तीही खाल्ली.

हे आंघोळीहून ओल्या केसांनीच आले. "खाल्लं?"

"खाल्लं."

"मग आता रोज द्यायचं का दिवसाआड?"

मला ठाऊक नव्हतं. मी लेकीचा नंबर फिरवला. तिच्याकडं त्या दिवशी पाहुणे यायचे होते, तिनं फोन काही उचलला नाही.