पुढे ढकललेली तपासणी

रतनदादा वानखडे वर्ध्याहून कर्वेनगरात आले आणि आमच्या सोसायटीतली पोरं शाळेत पोचवायला लागले, त्याला बरीच वर्षं झाली. माझी राजनंदिनी पहिलीपासून त्यांच्याच व्हॅनमध्ये. मागचं दार स्वतः ओढून बघितल्याशिवाय हा माणूस गाडी हलवायचा नाही. उशीर झाला की मी खवळायचे, तर म्हणायचे, "ताई, शाळा काई पळून नाई जात."

यंदा व्हॅनच्या फिटनेसची, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला योग्य असल्याच्या दाखल्याची, मुदत संपत आली. दादांनी वेळेत तपासणीची तारीख घेतली. ऐन वेळी तपासणी केंद्रातलं यंत्र बंद पडलं आणि मोबाईलवर मेसेज आला, तपासणी पुढच्या महिन्यात. लॉकडाऊनमध्ये सरकारने असल्या सगळ्या कागदांना मुदतवाढ दिली होती. दादांना वाटलं, हेही तसंच. तपासणी पुढे गेली म्हणजे मुदतही पुढे गेली. कोणालाही वाटलं असतं हो! मलाही तेच वाटलं.

त्या मधल्या दिवसांत, पोरांना सोडून परतताना, कोथरूडमध्ये व्हॅनने पेट घेतला. दादा उडी मारून वाचले. व्हॅनचा सांगाडा उरला.

विमा कंपनीने हात वर केले. मी मुद्दाम भांडायला सोबत गेले. तिथले साहेब शांतपणे म्हणाले, "मॅडम, तपासणी पुढे गेली, मुदत नाही. त्या दिवशी गाडीला फिटनेस नव्हतं."

"मग यंत्र काय यांनी बिघडवलं?"

"ते केंद्राला विचारा."

केंद्रात विचारलं, तर म्हणे विम्याशी आमचा काय संबंध. घ्या! आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना.

बाहेर पायरीवर दादा बसले आणि रडायलाच लागले. मी म्हटलं, "ग्राहक मंचात जाऊ. व्हॅन मिळवूच आपण."

"व्हॅनचं नाई हो, ताई. त्या विम्याच्या साहेबाला मी हळूच विचारलं, गाडीत पोरं असती तर? तो म्हणाला, मग पोरांची भरपाई कोणी द्यायची, ते कोर्टात ठरलं असतं." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "इतके दिवस तुमची पोरगी मी तशीच, बिनफिटनेसच्या गाडीत नेत होतो. उद्या दुसरी गाडी घेतली, तर पाठवाल तिला?"

'हो' म्हणायचं होतं मला, देवाशप्पथ. पण म्हटलं, "आधी मंचाचं तर बघू." दादा उठून बसस्टॉपकडे चालायला लागले.