पाऊणपटीची भरती

सांगतो, पण एका अटीवर. चहा संपेपर्यंत कोणी हसायचं नाही. आणि हा विषय आमच्या बायकोसमोर, सुनंदासमोर काढायचा नाही, कारण तिला अजून वाटतं की त्या दिवशी आमची गाडी सर्व्हिसिंगला गेली होती.

तुम्हाला माहीतच आहे, मी इथे मस्कतमध्ये, गाला भागातल्या एका गॅरेजात सुपरवायझर. मासे आणि मटण वाहून नेणारे फ्रीजरवाले ट्रक आमच्याकडे दुरुस्तीला येतात. बर्फाशी माझा संबंध एवढाच होता. मग आमची मुक्ता शिकायला गेली, आणि गेली कुठे, तर नॉर्वेच्या पार वरच्या टोकाला, जिथून पुढे नकाशात फक्त पांढरा रंग आहे. मस्कतच्या रुवीतल्या दोन खोल्यांत, एसीसमोर बसून वाढलेली मुलगी! तिथे ती समुद्रातलं शेवाळ गोळा करते. म्हणजे पीएचडी करते, पण मी गावी विचारणाऱ्यांना शेवाळच सांगतो.

त्या गावाचं नाव मला अजून धड म्हणता येत नाही. पण तिथलं हवामान मला रुवीपेक्षा जास्त ठाऊक. रोज सकाळी चहाच्या आधी फोन उघडायचा आणि बघायचं. पाणी एक डिग्री. वारा उत्तरेचा. खाडीच्या कडेला बर्फ. हे वाचलं की चहा गोड लागायचा नाही, आणि वाचलं नाही तर चहा उतरायचाच नाही.

आता तो दिवस. दुपारी पावणेदोनला डबा उघडला आणि मुक्ताचा सकाळी आलेला व्हॉइस मेसेज ऐकला. तिचं मराठी कसं आहे ते तुम्ही ऐकलंय.

"बाबा, आज आम्ही नऊजण आयलंडवर वॉकिंग जाणार आहोत. लो टाइडला पाणी निघून जातं ना, मग स्टोन्सचा रस्ता दिसतो. अकराला स्टार्ट करणार, एकपर्यंत बॅक. तिकडे रेंज नाही, सो फोन नको करू. आणि बाबा, काठाचा आइस टाइडबरोबर वर-खाली होतो आणि आवाज करतो, कोणीतरी दार उघडतंय असा. तुला रेकॉर्ड करून पाठवते."

माझा घास तसाच राहिला. कारण समोर भिंतीवर दिनदर्शिका होती आणि तिच्यावर त्या तारखेला पूर्ण गोल काढला होता. पौर्णिमा.

तुमच्यापैकी जे घाटावरचे आहेत त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या किनाऱ्यावर भरती काढायला घड्याळ लागत नाही. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, जे येईल तितक्या वाजता भरती. पौर्णिमा म्हणजे पंधरा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. आणि पौर्णिमेची म्हणजे साधी भरती नव्हे, उधाण.

हा हिशेब मला आमच्या आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी शिकवला. शिकवला म्हणजे मारून मारून पाठ करून घेतला. माझा सख्खा काका कालवं काढायला खडकावर गेला होता, वेळ चुकला, आणि भरतीने त्याला परत येऊ दिलं नाही. मी तेव्हा सात वर्षांचा होतो. काकूने संध्याकाळपर्यंत चूल पेटवली नव्हती, ते मला आजही दिसतं. त्यानंतर आमच्या घरात पाऊणपट हा देवाच्या खालोखालचा शब्द झाला.

आणि माझी मुलगी बरोबर अकराला पाण्यात उतरणार होती.

आपले पावणेदोन म्हणजे तिथले पावणेअकरा. फोन लावला, बंद. परत लावला, बंद. फोन लावता लावता डब्यातली आमटी शर्टावर. शेजारच्या टेबलावर सावंत जेवत होता. वेंगुर्ल्याचा माणूस, त्याच्या घरची होडी. म्हटलं, याला विचारून खात्री करू.

"सावंता, पौर्णिमेची भरती किती वाजता?"

त्याने मान वर न करता सांगितलं, "सव्वाअकरा. कित्याक?"

मी कित्याक, म्हणजे का, ते सांगितलं. त्याने हातातला घास खाली ठेवला. "अरे, मगे चेडवाक सांग, पाण्यात जाव नको म्हणान!"

झालं. आता दोन माणसांचा हिशेब जुळला म्हटल्यावर शंकेला जागाच कुठे राहिली? आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की वेंगुर्ला आणि नॉर्वे यांच्यामध्ये थोडंफार अंतर आहे.

मुक्ताने जाताना मला एक नंबर दिला होता, तिथल्या समुद्रावरच्या मदत केंद्राचा. "बाबा, फक्त खरंच काही झालं तर," असं तीनदा बजावून. मी तो लावला. एका माणसाने शांतपणे उचलला. इंग्रजीत बोलणं झालं, मी तुम्हाला मराठीत सांगतो.

म्हटलं, "माझी मुलगी आणि आठजण बेटाकडे चालत निघालेत. त्यांना थांबवा. भरती येतेय."

"कुठून बोलताय आपण?"

"मस्कत. ओमान."

कागद उलटल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "साहेब, आमच्याकडे आत्ता पाणी ओसरतंय. बाराला पूर्ण ओहोटी आहे. माझ्यासमोर तक्ता आहे."

"तक्ता चुकलाय."

हो, हे मी म्हटलं. ज्याच्या खिडकीतून समुद्र दिसतो त्या माणसाला, गालाच्या गॅरेजातून.

"आपल्याला कशावरून वाटतं?" त्याने विचारलं.

"आज पौर्णिमा आहे," मी म्हटलं. मग मला रडू कोसळलं. लाज वाटायची शुद्ध नव्हती. म्हटलं, "माझा काका असाच गेला. पाणी एक डिग्री आहे तुमचं. एकदा बघून या, हात जोडतो."

तो माणूस भला. म्हणाला, "ठीक आहे, बोट पाठवतो. पण बेटापाशी रेंज नाही, कळायला वेळ लागेल. आपण शांत बसा."

शांत कसं बसणार? घरी जावं तर सुनंदा चेहरा बघून ओळखणार. गॅरेजात कॉम्प्रेसर धडधडतायत, आणि मला प्रत्येक आवाजात बर्फाचं दार उघडल्यासारखं वाटतंय. शेवटी आमच्याकडचा माणूस अशा वेळी जे करतो ते करायचं ठरवलं. समुद्राला नारळ द्यायचा. समुद्र इथला काय, तिथला काय, पाणी शेवटी एकच. वाटेत दुकानातून नारळ घेतला आणि अझैबाच्या किनाऱ्यावर पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते.

पाणी चांगलंच मागे गेलं होतं. तिथे लोक वाळूवर गाड्या उतरवतातच. मी हिशेब केला. सव्वाअकराची भरती म्हणजे साडेपाचला ओहोटी. अजून दोन-अडीच तास पाणी मागेच जाणार. म्हणून गाडी थेट खाली, ओल्या घट्ट वाळूवर नेऊन लावली.

एक म्हातारा ओमानी तिथे जाळं दुरुस्त करत बसला होता. त्याने मित्राला हाक मारावी तसा हात हलवला. "सदीक, गाड़ी ऊपर रखो."

"मालूम है," मी म्हटलं. "हम भी समंदर का आदमी है."

त्याने माझ्याकडे बघितलं, आमटीच्या डागाकडे बघितलं, आणि परत जाळ्यात डोकं घातलं.

मी गुडघाभर पाण्यात शिरलो. दोन्ही हातांनी नारळ सोडला. म्हटलं, "बाबा रे, एक घेतलास आमच्यातला. हिला सोड." आणि मागे येऊन वाळूवर बसलो, फोन हातात धरून.

थोड्या वेळाने बघतो तर नारळ परत आला. माझ्या पायाशी.

समुद्राने नारळ घेतला नाही! मी उठलो आणि जोर लावून लांब फेकला. चार पावलं मागे सरकून बसलो, कारण बसल्या जागी ओल आली होती. नारळ परत आला. तिसऱ्यांदा फेकला, आणखी मागे सरकलो. परत आला, आणि या वेळी माझ्या चपला घेऊन गेला.

तुम्ही हसताय. चहा संपला का? तेव्हा मला घाम फुटला होता. चार वाजून गेले, म्हणजे तिथला एक. फोन नाही. साडेचार. फोन नाही. आणि तो नारळ दर वेळी माझा माग काढत आणखी वर येतोय, आणि मी मागे मागे सरकतोय, काकूची न पेटलेली चूल डोळ्यांसमोर धरून. मला वाटलं, देतच नाही म्हणतोय समुद्र. मुलीला परत देतच नाही.

म्हाताऱ्याने पुन्हा हाक मारली, "सदीक! पानी आता है!"

मी मागे न बघता ओरडलो, "साढ़े पाँच तक जाता है!"

पाच वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. मुक्ता.

"बाबा, हे काय केलंस तू?"

तिचा आवाज ऐकला आणि मी वाळूत मटकन बसलो. म्हणजे वाळूत नव्हे, पाण्यात बसलो, पण ते मागाहून कळलं.

"आम्ही स्टोन्सवर बसून सूप पीत होतो," ती सांगत होती, "आणि रेस्क्यू बोट आली. पाणी इतकं कमी होतं की बोटच रॉक्सवर अडकली. आम्ही नऊजणांनी ती ढकलून बाहेर काढली. माझे प्रोफेसर विचारतायत, तुझे फादर ओशनोग्राफर आहेत का?"

"पण पौर्णिमा आहे गं. पंधराची पाऊणपट..."

"बाबा, आबांचा रूल फक्त आपल्या कोकणासाठी आहे. प्रत्येक किनाऱ्याची वेळ वेगळी असते." मग तिने विचारलं, "पाण्याचा आवाज कसला? तू कुठे आहेस?"

"अझैबाला. तुझ्यासाठी नारळ द्यायला आलोय. तीनदा परत आला गं."

"परत आला?" ती म्हणाली. मग एकदम हळू आवाजात, लहान मुलाला विचारावं तसं विचारलं, "बाबा, गाडी कुठे लावलीस?"

"खालीच. ओहोटी आहे ना साडेपाचपर्यंत."

"जरा गाडीकडे बघ. मस्कतची ओहोटी साडेतीनलाच संपली. माझ्या फोनमध्ये तुमचं पाणी पण आहे. मी रोज बघते."

मी बाजूला वळून बघितलं. गाडी होती, पण चाकं दिसत नव्हती. नारळ ड्रायव्हरच्या दारावर टकटक करत होता.

एकोणीस वर्षं मी या देशात आहे. आबांचा हिशेब इथे लागतो का, हे मी एकदाही तपासलं नव्हतं. रुवी ते गाला, गाला ते रुवी, यात समुद्र येतोच कुठे?

म्हाताऱ्याने आपला पिकअप आणला. दोर बांधला, स्वतः पाण्यात उतरला. "यल्ला!" म्हणजे चला, असं म्हणाला आणि गाडी ओढून वर घेतली. दार उघडलं तर पाण्याबरोबर दोन छोटे मासे बाहेर आले. त्याने नारळ उचलून माझ्या हातात ठेवला आणि विचारलं, "तुम समंदर का आदमी?"

मी मान खाली घातली. तो नारळ मी त्यालाच दिला.

घरी अनवाणी, भिजलेला पोचलो. सुनंदाला गाडीचं ते सर्व्हिसिंगचं सांगितलं. मुक्ता सुखरूप आहे, एवढ्याच आनंदात मला त्या रात्री गाढ झोप लागली.

पण खरा दणका पुढच्या आठवड्यात बसला. त्या मदत केंद्रात प्रत्येक फेरीची नोंद ठेवतात. मुक्ता माझ्या वतीने माफी मागायला गेली होती, तेव्हा तिने बोलता बोलता गाडीचंही सांगून टाकलं. त्या भल्या माणसाने वही पुढे ओढून उरलेले रकाने भरले. तिने मला फोटो पाठवला आणि खाली मराठीत अर्थ लिहिला.

"बेटावरची माणसं: नऊ, सर्व सुखरूप. भरतीत सापडलेली माणसं: एक. ठिकाण: मस्कत."