धप्प सरांचं पडणं

तोंडावर सगळे त्यांना नुसतं ‘सर’ म्हणायचे. पाठ वळली की ‘धप्प’.

धप्प सर उंच होते, एवढं एक त्यांच्या बाजूनं म्हणता येईल. बाकी बास्केटबॉलपटू म्हणून त्यांच्याकडे होतं काय? धावायचा कंटाळा, उडी बेताची, आणि चेंडू हातात आला की चटका बसल्यासारखा तो दुसऱ्याकडे टोलवायचा. पण पडावं मात्र त्यांनीच! समोरच्या खेळाडूचा नुसता वारा लागायचा अवकाश, सर ‘आई गंऽ’ करत लाकडी कोर्टावर धप्प. डोळे गच्च मिटलेले, एक हात बरगडीवर, एक पाय हवेत थरथरतोय. रेफरीची शिट्टी वाजायची, समोरच्याच्या नावावर फाऊल चढायचा आणि सर लंगडत लंगडत फ्री थ्रो घ्यायला जायचे. फेकून झाले की लंगडणं गायब.

पडलो तरी नाक वर, ही म्हण तुमच्या-माझ्यासाठी. यांचं नाक वर जायचं तेच मुळी पडल्यावर.

खेळातून निवृत्त झाले तेही दुखापतीमुळे. कुठली दुखापत, ते सांगताना दर वर्षी बदलायचं. आणि असा माणूस रिकामा बसलेला बघवेना म्हणून क्लबानं त्यांना मुलींच्या संघाचं प्रशिक्षक केलं.

सराव सुरू व्हायचा तो पडण्यानं.

“हां, तू. पडून दाखव.”

मुलगी पडायची.

“हे काय? पोतं टाकलं का कुणी वरून? अगं, चेहरा कुठाय तुझा? रेफरी पाठ बघत नाही, चेहरा बघतो!”

“सर, नेमबाजी कधी घ्यायची?”

“नेम काय, गल्लीतली पोरंही मारतात. पडायला अक्कल लागते.”

संघाची कर्णधार त्यांचीच मुलगी. ती तेवढी पडायची नाही.

“धक्का लागला तर पडेन, बाबा.”

“आणि नाही लागला तर?”

“तर धावेन.”

“आईवर गेलीयस,” सर म्हणायचे. ते हे शिवीसारखं म्हणायचे. आई इस्पितळात नर्स होती. दिवसभर खरे पडलेले लोक उचलून यायची, त्यामुळे घरात तिच्यासमोर पडण्यात सरांना काही मजा येत नसे.

मुलीचं लहानपणापासून एकच म्हणणं होतं: वरच्या गटात खेळायचं. दुसऱ्या क्लबांनी दोनदा बोलावलंही होतं. पण “बाबांचा संघ वर नेते, मग बघू,” म्हणून ती थांबली होती. आणि त्या वर्षी वेळ आली. शेवटची मॅच जिंकली की संघ वरच्या गटात.

शेवटचे काही सेकंद. संघ एका गुणानं मागे, चेंडू समोरच्या संघाकडे. त्यांची एक मुलगी कोपऱ्यात चेंडू आपटत निवांत वेळ काढत होती. खेळ थांबवायला टाइम-आउट हवा होता आणि सरांकडे एकही उरला नव्हता. शेवटचा त्यांनी, आपण उमेदीच्या काळात कुणासमोर कसे पडलो होतो, हे मुलींना सांगण्यात घालवला होता.

मग सरांनी त्यांना येत होतं ते केलं. बाकासमोर उभे राहिले, हात छातीवर नेला आणि धप्प.

डोळे मिटून पडायची सवय. त्यामुळे पुढचं सगळ्या हॉलनं बघितलं, सरांनी सोडून. सरांच्या मुलीनं चेंडू हिसकावला. समोर कुणी नाही. ती सुटली, बास्केटखाली पोचली, चेंडू हातात घेऊन पहिलं पाऊल टाकलं, आणि रेफरीची शिट्टी वाजली. बिचारा नवखा होता. आडवा झालेला माणूस बघून त्यानं खेळच थांबवला. शिट्टीनंतर चेंडू जाळीतून खाली आला. बास्केट धरला गेला नाही.

आरडाओरडा ऐकून सरांनी एक डोळा उघडला. मॅच बघायला आलेली बायको शेजारी बसली होती, बोटं मनगटावर.

“झाला का बास्केट?”

“झाला. पण शिट्टी आधी वाजली.”

“कुणासाठी?”

“तुमच्यासाठी!”

सर ताडकन उठू लागले. “सोड, मी रेफरीशी बोलतो.”

“काय बोलणार? नाडी ठणठणीत आहे, ते? पडलात ना, आता पडूनच राहा.”

राहिले. स्ट्रेचरवरून बाहेर जाताना तोंडावर वेदनाही आणली, सवयच ती. आत खेळ पुन्हा सुरू झाला. आता मुलीभोवती तिघी खांबासारख्या उभ्या. तिनं कसाबसा चेंडू फेकला, तो रिंगवर आपटून बाहेर आला आणि वेळ संपली.

पुढचा आठवडा सरांच्या घरी माणसांची रीघ. सर उशीला टेकून सफरचंदं खात होते. “ऐन वेळी छातीनं दगा दिला हो, नाहीतर मॅच आपलीच होती,” असं येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते. लाज नावाची गोष्ट त्यांच्या घराचा जिना चढलीच नव्हती.

मग क्लबाचे सेक्रेटरी आले.

“सर, आता धावपळ बंद. आम्ही दुसरा प्रशिक्षक बघितलाय.”

“अहो, पण मी बरा आहे!”

“सगळे पेशंट असंच म्हणतात,” सेक्रेटरी मायेनं म्हणाले आणि सरांच्या पोटावरची चादर नीट करून गेले.

दुसऱ्या दिवशी मुलगी दाराशी बुटांच्या नाड्या बांधत होती. वरच्या गटातल्या क्लबाला तिनं होकार कळवला होता. आज तिथला पहिला सराव.

“जाता जाता आपल्या क्लबात डोकाव,” सर म्हणाले. “मला काही झालेलं नाही म्हणून सांग त्यांना. तुझं ऐकतील.”

“सांगते की. छातीत काही नव्हतं, बाबा मुद्दाम पडले होते, असं सांगू?”

“अगदी असं कशाला...”

“मग कसं? तुम्ही सांगा, मी शब्दन् शब्द तसा सांगते.”

खरं बोललं तर प्रशिक्षकपद परत मिळण्याची आशा होती. नाही असं नाही. त्यांनी चादर हळूहळू गळ्यापर्यंत ओढली.

“राहू दे,” ते म्हणाले. “सकाळपासून जरा जडच वाटतंय.”

मुलीनं दुसरी नाडी बांधली आणि सॅक उचलून ती निघून गेली.