गाडीला होडीचं तेल

विश्वंभर राऊतांना गाडी चालवता येत नाही. चौलच्या वाडीत जन्म गेला. माडावर चढता येतं, पंप खोलून पुन्हा जोडता येतो. गाडी मात्र त्यांच्या बायकोनं, सरोजिनीबाईंनीच चालवली. त्या रेवदंड्याच्या शाळेत शिकवत. स्वतःच्या पगारातून त्यांनी पांढरी मारुती घेतली होती. विश्वंभर डाव्या बाजूला बसत आणि समोर म्हैस दिसली की उजवा पाय जोरात दाबत.

"तिथे ब्रेक नाहीये."

"असता तर बरं झालं असतं."

विश्वंभरांचं गाडीशी नातं वेगळं होतं. समुद्राकाठी लोखंड नुसतं जुनं होत नाही, आतून संपत जातं. खिडकीचे गज, सायकल, बिजागऱ्या, सगळ्यांना तोच तांबूस रोग. म्हणून दर चैत्रात ते रेवदंड्याच्या सदा कोळ्याकडून काजूच्या टरफलाचं काळं तेल आणत. सदा ते होडीच्या तळाला लावी.

"भाऊ, गाडी हाय का होडी?" तो विचारी. "पान्यात घालनार काय तिला?"

विश्वंभर हसत. घरी येऊन, त्या तेलानं कातडी भाजू नये म्हणून हाताला खोबरेल चोपडत, गाडीखाली आडवे होत आणि कुंचला फिरवत. बॉनेटखालचा पत्राही सोडत नसत.

यंदा गाडी थकली. फिटनेसला पास होण्याची आशा उरली नाही. नाक्यावरचा भंगारवाला म्हणाला, "आत्ताच उचलतो. कागद कशाला?" शेजारच्या वाडीतली जीप असल्याच एकानं पाटाजवळ फोडली होती. पुढे कितीतरी दिवस पाण्यावर मोरपिशी रंग तरंगत राहिले. जीप गेली, तिची नंबरपाटी मात्र दुसऱ्याच कुठल्या गाडीवर फिरते आणि दंड मालकाच्या नावावर अजून येतात. सरोजिनीबाईंनी भंगारवाल्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

"माझ्या नावावर आली," त्या म्हणाल्या, "माझ्याच नावानं रीतसर जाईल."

त्यांनी सरकारमान्य भंगार केंद्राकडे ऑनलाइन अर्ज केला. आरसी, आधार, रद्द केलेला चेक. गाडीवर कर्ज नव्हतं, दंड नव्हता, पोलिसांत काही नव्हतं. एका सकाळी केंद्राचा हितेश ट्रक घेऊन वाडीत आला.

"काकू, टेन्शन घेऊ नका. आमच्याकडे आधी ऑइल, कूलंट, बॅटरी वेगळी काढतात. मगच पत्रा दाबतात. थेंब जमिनीत जात नाही."

त्यानं बॉनेट उघडलं, वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"काका, लोचा झालाय. चासी नंबरच दिसत नाही."

इंजिनामागच्या पत्र्यावर नंबर ठोकलेला असतो. तिथे डांबरासारखा काळा थर होता.

"आरसीशी जुळल्याशिवाय मला गाडी उचलता येणार नाही. मग सर्टिफिकेट नाही. आरसीपण रद्द होणार नाही."

सरोजिनीबाई वळल्या. "अहो, किती वेळा सांगितलं? खाली लावायचं ते लावा, वर कशाला?"

विश्वंभरांनी बायकोच्या गाडीसाठी आयुष्यभर एवढं एकच काम केलं आणि तेच नेमकं आडवं आलं. ते आत गेले, कोयता घेऊन आले.

"लोखंड नको!" हितेश ओरडला. "ओरखडा पडला तर नंबर खोडलाय असं वाटेल. मग गाडी चोरीची."

गाडीला निरोप द्यायला ओट्यावर असोला नारळ काढून ठेवला होता. विश्वंभरांनी कोयता त्यावर चालवला, वरचं काथ्याचं सोडण उचकटलं, त्याचा बोळा केला. हितेशकडून थोडं डिझेल मागून घेतलं, इंजिनावर आणि खाली पोती पसरली आणि पत्रा घासू लागले. सरोजिनीबाईंनी मोबाइलची बॅटरी धरली.

"जरा इकडे धर. इकडे. अगं, सावली पडतेय."

"आता कळलं, शेजारी बसून सूचना ऐकल्या की कसं वाटतं?"

हितेश खो खो हसला. थर आधी मऊ झाला, मग चिखलासारखा सुटू लागला. खालून एक 'एम' वर आला.

हितेश पुढे झाला. "काका, ह्या पट्टीतल्या गाड्यांचे आकडे गंजानं खाल्लेले असतात. मग आरटीओच्या फेऱ्या. हा तर शोरूममधून आल्यासारखा आहे!"

सरोजिनीबाईंनी चष्मा लावला, आरसी हातात घेतली आणि वर्गात हजेरी घेत तशा आवाजात एकेक अक्षर, एकेक आकडा वाचू लागल्या. विश्वंभर पत्र्यावर बोट ठेवून म्हणत गेले, "हजर."

शेवटचा आकडाही हजर होता. नारळ फुटला, ट्रक गेला. खोबऱ्याला डिझेलचा वास येत होता. दोघांनीही ते खाल्लं.

पुढे नोंदणी रद्द झाल्याचा कागद आला. विश्वंभर तेव्हा पंपाला काळं तेल लावत होते. सरोजिनीबाईंनी ओट्यावरून कागद मोठ्यानं वाचला. गाडीचा नंबर आला तसा पंपामागून आवाज आला,

"हजर."