काळ्या बिअरचे दिनकरअण्णा

बिअर गार करण्यासाठी कोल्हापूरकर काय काय करतात ते मी पाहिलं आहे. बर्फाच्या बादल्या, ओले पंचे, एकदा तर दोराने विहिरीत सोडलेलं पोतं. बिअरला ऊब देणारा माणूस मात्र मी एकच पाहिला. दुकानाच्या फ्रीजमधून आणलेली बाटली दिनकरअण्णा घरी येताच जुन्या वाकळेत गुंडाळत आणि कॉटवर भिंतीला टेकवून अर्धा तास बसवून ठेवत. नव्या माणसाला वाटावं, घरात तान्हं मूल आहे.

"गारठलेली बाटली मुकी असती, मास्तर," ते म्हणत. "जरा ऊब लागू दे, मग बोलती."

मी कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालो, म्हणून शिवाजी पेठेत मी मास्तर. अण्णा माझे शेजारी, भिंतीला भिंत लागून. त्यांचे वडील शिरोळकडच्या गुऱ्हाळांवर गुळव्या होते. कायलीत उकळणारा उसाचा रस नेमका कधी खाली उतरवायचा, हे वासावरून आणि बुडबुड्यांवरून सांगणारा माणूस म्हणजे गुळव्या. अण्णांनी तेच नाक उचललं आणि एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये तीस वर्षं चालवलं. यंत्रावर आकडा दिसायच्या आत ते आकडा सांगत, त्यामुळे यंत्रं आणि साहेब दोघांवरही त्यांचा सारखाच अविश्वास होता. निवृत्त झाल्यावर कुणाच्या तरी लग्नात त्यांना एक परदेशी स्टाउट, म्हणजे काळी बिअर, मिळाली. त्या काळ्याभोर घोटात त्यांना वडिलांची कायल भेटली. तिथून शोध सुरू झाला.

कोल्हापुरात स्टाउट शोधणं म्हणजे संयमाची परीक्षा. दुकानदाराला बिअर म्हणजे पिवळी आणि स्ट्राँग एवढंच ठाऊक.

"काळी पायजे व्हय? मग रम घ्या की पावणं," तो म्हणे.

"रम तुझ्या सासऱ्याला दे. भाजलेल्या सातूची बिअर हाय का सांग."

"ही घ्या. लई स्ट्राँग. दोन बाटल्यांत हत्ती आडवा हुतोय."

"मला हत्ती पाडायचा न्हाय रे बाबा. मला चव बघायचीया."

पुण्याहून किंवा मुंबईहून कुणी येणार असलं, की अण्णा त्याच्याकडे चिठ्ठी देत. बाटली आली की आधी भिंगातून भरल्याची तारीख. मग ग्लास खिडकीच्या उजेडात. खरी स्टाउट काळी दिसली तरी कडेला तांबूस झाक दाखवते, असा त्यांचा दावा. ओट घातलेली मऊ, दुधाच्या साखरेची शिकाऊ माणसांसाठी, आणि जाड, कडू, हळूहळू घ्यायची ती खरी. सोबत भाजलेल्या सुक्या खोबऱ्याची कातळी, दुसरं काही नाही. एकदा एका बाटलीवरचा मजकूर मी त्यांना वाचून दाखवला. चॉकलेट, मनुका, ओक वृक्ष आणि जुनं चामडं.

"चामडं बाटलीत कशाला? आमच्या पायात हाय की," अण्णा म्हणाले.

मला त्यांच्यातलं हेच आवडायचं. एरवी चव घेणाऱ्या मंडळींत डोळे मिटून बोलण्याचा रोग फार असतो.

गेल्या वर्षी श्रावणातल्या एका सकाळी मला माझ्या स्वयंपाकघरात करपल्याचा वास आला. आमची शेगडी बंद होती. मी शेजारी धावलो. अण्णांच्या ओट्यावर दुधाचं पातेलं कोळसा झालं होतं, खाली गॅस चालूच, धूर छताला लागलेला. अण्णा पलीकडच्या खोलीत, भिंतीआड, पेपर वाचत बसले होते.

"अण्णा, दूध!"

"कुठलं दूध?"

मी गॅस बंद केला आणि खिडक्या उघडल्या. अण्णा दारात येऊन पातेल्याकडे बघत उभे राहिले. ज्या माणसाने तीस वर्षं आख्ख्या कारखान्याचा वास ओळखला, तो त्या धुरात उभा होता आणि त्याच्या नाकाची पाकळीही हलत नव्हती.

"पावसाच्या सुरवातीला ताप आलता न्हवं," ते हळूच म्हणाले. "तवापासनं काय बी येत न्हाय. डॉक्टर म्हनला, थांबून बघा. बघतोय."

मला आधी आठवली ती मधल्या आठवड्यांत उघडलेली प्रत्येक बाटली. 'कडेला करपलेली काकवी, मागनं खोबरं,' असं ते सांगत आणि मीही मान डोलवी. मलाही नेमका तोच वास आला होता. शिकलेल्या माणसाचं नाक फार आज्ञाधारक असतं.

"मनीषाला सांगायचं न्हाय," अण्णा म्हणाले.

मनीषा त्यांची एकुलती मुलगी, पुण्यात असते. आई गेल्यावर तिने बजावलं होतं, की एकटे राहा, पण काही बिघडलं तर दुसऱ्या दिवशी पुण्याला यायचं. आणि ज्याला गळणाऱ्या गॅसचा वास येत नाही, त्याने एकट्याने शेगडी पेटवणं हे बिघडणं नाही तर काय?

"तिचं काय चुकतंय?" मी म्हणालो.

"काय बी चुकत न्हाय. पर मास्तर, हितं मला वास येत नसला तरी कुठं काय असतंय ते ठावं हाय. चक्कीफुडनं गेलो की पीठ आठवतंय. तालमीफुडनं गेलो की तांबडी माती. पुण्यात चौथ्या मजल्यावर मला काय आठवनार? तिथं मी ठार व्हनार."

मी शब्द दिला. त्या दिवसापासून रोज सकाळी आणि संध्याकाळी त्यांच्या दारात उभा राहून मी हुंगू लागलो. मनीषाचा फोन आला, की अण्णांची तब्येत ठणठणीत असल्याचं सांगू लागलो.

हे निभावलंही असतं, पण मध्ये विश्वजित आला. अण्णांच्या जुन्या सहकाऱ्याचा हा मुलगा. परदेशात बिअर करायला शिकून आलेला, हायवेवर स्वतःची बिअर गाळणारं हॉटेल काढलेला. त्याला काकवी घालून कोल्हापूरची म्हणावी अशी स्टाउट करायची होती आणि ती पास करायला अण्णांचं नाक हवं होतं. उन्हाळ्यात पहिला लहान घाणा झाला. अण्णांनी तो आठवणीवर पास केला आणि नशिबाने तो उत्तम निघाला. मग विश्वजितने मोठी टाकी लावली, दोनशे लोकांना बोलावलं आणि निमंत्रणाच्या कार्डावर अण्णांच्या नाकाचं चित्र छापलं. खाली सोनेरी अक्षरांत, 'या नाकाने पारखलेली'.

"नाही म्हणून टाका," मी म्हणालो.

"न्हाय म्हनलो तर का म्हनून इचारतील."

शनिवारी संध्याकाळी समारंभ. शुक्रवारी दुपारी आम्ही दोघं रिक्षाने निघालो. वाटेत अण्णांनी मला काम समजावलं.

"ग्लास आधी तू घे. कानात सांग. आनि इशेषनं नकोत मला. वस्तू सांग. कशाचा वास येतोय तेवढंच."

आयुष्यभर विशेषणांवर पगार घेतलेल्या माणसाला ही अट जड होती. स्टीलच्या उंच टाक्यांमध्ये उभं राहून मी ग्लास नाकाशी नेला. भाजलेली कॉफी. गूळ. आणि मागे, बारीक पण टोचणारं आणखी काहीतरी.

"विझवलेली काडी," मी पुटपुटलो. "काडेपेटीतली."

अण्णांचा चेहरा उतरला. "भाजल्याचा वास न्हवं?"

"नाही. नाकात टोचतोय."

अण्णांनी ग्लास खाली ठेवला. "इश्वजित, ही टाकी वतायची."

विश्वजित हसला, मग हसायचा थांबला. "काका, उद्या दोनशे माणसं येतायत."

"काकवीत गंधकाची पावडर हाय. रंग उजळ करायला गुऱ्हाळात मारत्यात ती. जास्त पडलीया. दम्याचा मानूस प्याला तर हितंच आडवा हुईल."

"मी आठवडाभर या टाकीशेजारी उभा आहे. मला काहीच येत नाही."

"आठवडाभर हाईस म्हनूनच येत न्हाय. गटाराशेजारी ऱ्हानाऱ्याला गटाराचा वास येतोय व्हय?"

मुलगा वाईट नव्हता, घाबरला होता. तो आतून दोन ग्लास भरून घेऊन आला. दोन्ही सारखेच काळे, सारखाच फेस.

"एकात पहिल्या घाण्यातली आहे, थोडी राखून ठेवली होती. एकात ही. कुठली कुठली ते सांगा. बरोबर सांगितलंत तर मी स्वतः तोटी उघडतो. आणि मास्तर, तुम्ही जरा दाराशी थांबा."

मी दाराशी गेलो. तिथून ग्लास दिसत होते, वास येत नव्हता. अण्णांनी पहिला ग्लास उचलला, नाकाखाली धरला. दुसरा उचलला. मग पुन्हा पहिला. कुठलाही एक दाखवला असता तरी निम्मी शक्यता बरोबर येण्याची होती. बरोबर आलं तर टाकी रिकामी झाली असती, नाकाची अब्रू राहिली असती आणि अण्णा पेठेतच राहिले असते. चुकलं तर उद्या ती बिअर दोनशे ग्लासांत पडली असती. माझ्या मनात, लाज वाटते पण सांगतो, 'दाखवा, कुठलाही दाखवा' एवढंच चाललं होतं.

अण्णांनी दोन्ही ग्लास टेबलावर ठेवले आणि हाताने लांब सारले.

"मला वास येत न्हाय, पोरा. वरीस हुईत आलं."



"मग पहिली पास केलीत ती?"

"आठवनीवर."

"काका, मी कार्डावर तुमचं नाक छापलंय."

"व्हय. चित्र झ्याक आलंय." मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "त्या मास्तरला बोलीव. त्याचं नाक साधं हाय, पन चालू हाय."

मला आयुष्यात मिळालेलं हे सर्वांत प्रामाणिक प्रशस्तिपत्र. विश्वजितने तीन वेळा ग्लास अदलाबदल केले आणि तिन्ही वेळा मी काडेपेटी शोधून काढली. मग अण्णांनी ती काकवी देणाऱ्या, त्यांच्याच ओळखीच्या गुऱ्हाळवाल्याला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा धरला.

"काय रं, काकवीत पावडर मारलीस?"

"मारली की! शेरातल्या हाटेलात जायाची म्हनून सढळ हातानं मारली. सोन्यागत दिसाय लागली. काळीकुट्ट दिली असती तर तुमचं नाव गेलं असतं न्हवं का, अण्णा?"

काळ्या बिअरसाठी त्याने प्रेमाने काकवी गोरी करून दिली होती. विश्वजितला हसू आलं की रडू, ते मला कळलं नाही. तो टाकीखाली वाकला आणि तोटी उघडली. काळा फेस नाल्यातून वाहू लागला. अण्णा शेवटचा थेंब जाईपर्यंत तिथून हलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी समारंभ रद्द झाला आणि विश्वजितने मनीषाला फोन केला. तक्रार म्हणून नव्हे, काका एकटे राहतात आणि घरात गॅस आहे म्हणून. जे मी वर्षभर करायला हवं होतं ते त्या पोराने एका सकाळी केलं. रविवारी मनीषा आली.

"बाबा, वर्षभर?"

"व्हय."

"आणि काका, तुम्हाला माहीत होतं?"

"हो," मी म्हणालो. त्यानंतर तिने मला जे ऐकवलं त्यातला एक शब्दही काढून टाकण्याजोगा नव्हता.

अण्णांनी वाद घातला नाही. महिनाभरात सामान बांधलं गेलं. निघायच्या सकाळी गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी होती आणि मनीषा दार उघडून वाट बघत होती. तेवढ्यात विश्वजित आला, हातात झाकण लावलेली स्टीलची किटली. नवा घाणा, या वेळी जशी निघाली तशीच काळी काकवी घालून केलेला. फुलपात्र भरून त्याने अण्णांपुढे धरलं.

अण्णांनी सावकाश एक घोट घेतला.

"कशी आहे, काका?"

"जाड हाय. कडू हाय. शेवटाला गोड. म्होरलं मला कळत न्हाय. मास्तर सांगंल."

मी हात पुढे केला. पण मनीषा गाडीपासून चालत आली आणि तिने फुलपात्र घेतलं. वडिलांचं हे काळं वेड तिला कधी आवडलं नव्हतं. तिने वास घेतला आणि ती तशीच उभी राहिली. लहानपणी सुट्टीत ती आजोबांच्या गुऱ्हाळावर महिना महिना राहत असे, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

"कायलीच्या काठाला लागलेली काकवी आहे, बाबा," ती म्हणाली. "आजोबा उलथन्यानं खरवडून द्यायचे ती."

"कुठल्या काठाची?" अण्णांनी एकदम विचारलं. "बसायच्या बाजूची का धुराड्याकडची?"

मनीषाने डोळे मिटले नाहीत. तिने फुलपात्र पुन्हा नाकाशी नेलं आणि वेळ घेतला.

"धुराड्याकडची. जास्त करपलेली."

"बरोबर," अण्णा म्हणाले, आणि गाडीत जाऊन बसले.