न झालेल्या बाळंतपणाचा स्कार्फ

मी आयुष्यात एकदाच बाळंतीण झाले, आणि तेही कुणाला जन्म न देता. ऐकणाऱ्याला हसू येतं. येऊ द्या. तीस वर्षं मी ही गोष्ट लग्नाघरात, भिशीत, जिन्यात भेटलेल्या बायकांना सांगत आलेय, आणि दर वेळी सगळ्या पोट धरून हसल्या आहेत. मात्र मी ती अर्धीच सांगते.

तेव्हा आम्ही डोंबिवली पश्चिमेला कोपरजवळ राहायचो. पहिला मजला, दोन खोल्या, आणि माणसं तीन : मी, आमचे हे आणि सासूबाई. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. त्या अकरा वर्षांत नात्यातल्या एकूण एक बाळंतपणांना मी हजर होते. अळीव निवडले, डिंक तळला, झबली-टोपडी आणि लाडवांचा डबा घेऊन बाळंतविडे पोचवले. प्रत्येक वेळी खाटेवर बसलेली ती बाई, डोक्याला स्कार्फ, कानात कापूस, चेहऱ्यावर जगावर उपकार केल्याचा भाव, मला म्हणायची, “तुझंही होईल हं.” मला मूल हवं होतं हे खरंच. पण आता या वयात लपवून काय करू? मला तो स्कार्फही हवा होता.

मग कल्याणच्या एका संस्थेतून पाच महिन्यांची मुलगी आमच्या घरी यायचं ठरलं. कोर्टाचा हुकूम व्हायला काही महिने लागणार होते. तोवर ती आमच्याकडे नुसती सांभाळायला. संस्थेच्या ताई मधून मधून येऊन बघणार, लिहून घेणार. हुकूम होईपर्यंत त्या नाही म्हणू शकत होत्या आणि आम्हीही.

यावर या शहाण्या बाईनं काय करावं? बाजारात जाऊन चॉकलेटी लोकरीचा स्कार्फ आणला. एप्रिल महिना होता. दुकानदारानं विचारलं, “काश्मीरला निघालात का वहिनी?” मी म्हटलं, “बाळंतपण आहे.” “कुणाचं?” “माझं.” त्यानं माझ्या सपाट पोटाकडे बघितलं आणि मुकाट्यानं कागदात बांधून दिला.

मी पूर्ण सव्वा महिना पाळायचा ठरवला. पोट बांधून घेतलं. पोटात काही नव्हतं, नव्हतं म्हणूनच तर हे सगळं चाललं होतं, तरी सासूबाईंच्या जुन्या लुगड्याचा पट्टा फाडून करकचून बांधलं. खाटेखाली शेगडी, शेगडीत ओवा आणि बाळंतशेपा. खिडक्या बंद. “वारा लागेल,” असं मी म्हणायचे. कुणाला लागेल, हे विचारायची हिंमत घरात एकाच माणसाची होती.

“अगं, तू बाळंत झालेली नाहीस,” सासूबाई म्हणाल्या. “आणि पोरगी पाच महिन्यांची आहे. चार दिवसांनी पालथी पडेल. तिला कसली धुरी देतेस?”

“सगळ्या सुनांचं केलंत ना? मग माझंही करा.”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि परातीत डिंक काढला. लाडू वळता वळता एकदा म्हणाल्या, “जिनं हिला जन्म दिला, तिच्या कानात कुणी कापूस घातला असेल का गं?” मी ऐकू न आल्याचं दाखवलं. कानात कापूस होता, सोयच होती.

इथवर सांगून झालं की मी चहा ठेवायला उठते. पुढचं कुणी विचारत नाही.

पुढचं असं, की ती पोर माझ्याकडे बघत नव्हती.

उचलली की फळीसारखी ताठ व्हायची. छातीशी धरली की मान मागे टाकून, माझ्या खांद्यावरून भिंतीकडे बघायची. मांडीवर घेऊन बाटली तोंडाशी नेली की ओठ घट्ट मिटायचे. जबरदस्तीनं दोन घोट गेले तर तिसऱ्याला सगळं बाहेर. पहिले आठ दिवस ती रडली. शेजारच्या बाईंनी दृष्ट काढली, सासूबाईंनी बाळगुटी उगाळली, डॉक्टरांनी दूध बदललं. नवव्या दिवसापासून ती रडायची थांबली. मी वेडी, खूश झाले. म्हटलं, रुळली. दोन दिवसांनी ध्यानात आलं की ती रुळलेली नव्हती, तिनं नाद सोडला होता. भूक लागली तरी रडत नव्हती, ओली झाली तरी नाही. बंद खोलीत, त्या धुरात, वरच्या पंख्याकडे डोळे लावून पडून असायची. पंखाही बंद. वारा लागेल ना!

आणि मी खाटेवर, डोक्याला स्कार्फ गुंडाळून, घामाच्या धारांत, डिंकाचा लाडू खात बसलेली. अंगावर वजन चढत होतं ते माझ्या. तिचं उतरत होतं.

मला वाटायचं, पान्हा फुटणार नाही हे मी धरून चालले होते, पण आत काहीतरी फुटेल की नाही? काही नाही. मी तिच्याकडे बघायचे आणि मला दुसऱ्या कुणाचं तरी मूल दिसायचं, पाहुणं आलेलं, जायला उशीर झालेलं. पुढे पुढे तर तिची भीती वाटायला लागली. तिला जाग आली की मी डोळे मिटून घ्यायचे. आंघोळ घालताना एकदा मनात आलं, हिला काही झालं तर… ते वाक्य मी मनातसुद्धा पुरं होऊ दिलं नाही. पण आलं होतं.

पंधराव्या दिवशी संस्थेच्या ताई आल्या. मी त्यांच्यासाठी खिडकी उघडली, पोरीला काजळतीट लावली, गालावर हसू चिकटवलं.

“काही अडचण?”

“छे हो! अगदी गुणी आहे. रडतसुद्धा नाही.”

“वजन थोडं कमी दिसतंय.”

“लाडू घ्या ना एक.”

त्यांनी लाडू घेतला. मला आजही वाटतं, त्या बाईंनी लाडू ठेवून मला एक प्रश्न आणखी विचारला असता, तर मी तिथेच कोसळले असते. पण मीच इतक्या तत्परतेनं डबा पुढे केलेला.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी, हे कामावरून येऊन चपला काढत होते, तेव्हा मी म्हटलं, “अहो, परत देऊ या का हिला?”

ते एक चप्पल हातात घेऊन तसेच उभे राहिले. “शर्ट आहे का गं तो, मापात बसत नाही म्हणून?”

“तिला मी नकोय.”

“तिला नकोयस, का तुला ती नकोय?”

त्यांनी चप्पल खाली ठेवली, जाऊन तिच्या खाटेशी उभे राहिले आणि बोटानं तिच्या तळव्याला गुदगुली केली. तिनं पाय काढून घेतला. त्यांनीही हात काढून घेतला. रात्रीचं जेवण आम्ही तिघं एकमेकांकडे न बघता जेवलो.

तेविसाव्या दिवशी, हे कामावर गेल्यावर, मी पिशवी भरली. तिची झबली, दुपटी, बाटली, डॉक्टरांचे कागद. सासूबाई दारातच तांदूळ निवडत बसलेल्या.

“सव्वा महिना व्हायचाय अजून. उंबरा ओलांडतेस?”

“कल्याणला चाललेय. परत द्यायला.”

त्यांचे हात थांबले. मला वाटलं आता ओरडतील, आडव्या येतील. खरं तर मला ते हवं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, “मग स्कार्फ काढून जा. द्यायला जाताना बाळंतीण होऊन जाऊ नको.”

मी रागानं तशीच जिना उतरले.

रिक्षा डोंबिवलीहून कल्याणला धडधडत गेली. रिक्षावाल्यानं गाणी लावली होती, कर्कश. मी बंद करायला सांगणार होते, तर पोरीकडे लक्ष गेलं. तिचे डोळे मिटले होते. खड्ड्यांत आपटत, भोंग्यांच्या आवाजात ती गाढ झोपली होती. माझ्या बंद खोलीत तेवीस दिवसांत तिला अशी झोप लागली नव्हती. मला आनंद व्हायला हवा होता. मला अपमान वाटला.

संस्थेच्या दारात तिथल्या मावशी भेटल्या, मुलांचं सगळं करणाऱ्या. त्यांनी मला बघितलं आणि म्हणाल्या, “अगं बाई, दात दुखतोय काय ओ ताई?”

“दात?”

“नाय, एवढं बांधलंय म्हणून म्हटलं.”

मी हसलेही नाही, रडलेही नाही. म्हटलं, “हिला परत घेऊन आलेय.”

मावशींनी नुसती मान हलवली, जसं काही रोजच कुणीतरी घेऊन येतं, आणि पोरीला माझ्याकडून घेतलं. आत एका मोठ्या खोलीत ओळीनं पाळणे होते. दिवसाढवळ्या सगळ्या ट्यूबलाइट चालू, रेडिओ चालू, तीन पोरं रडतायत, चौथं हसतंय, कुणीतरी बादली आपटतंय. हिच्या पाळण्यात आता दुसरं बाळ होतं. मावशींनी त्याला जरा सरकवलं, हिला शेजारी उलट्या डोक्यानं ठेवलं. एका लंगोटाची घडी घातली, तिची गुंडाळी केली, उशाशी ठेवली, त्यावर बाटली टेकवली, बोंडलं तिच्या तोंडात दिलं आणि त्या दुसऱ्या पोराकडे निघून गेल्या.

तिनं बाटली संपवली. सगळी. मला तेवीस दिवसांत जमलं नाही ते एका लंगोटाच्या घडीला जमलं. पिताना ती छताकडे बघत होती, पाय हलवत होती, आणि तिला जगात कुणाचीही गरज नव्हती.

मी तिथेच फरशीवर बसले. हेवा माणसाचा वाटतो हे माहीत होतं. मला त्या लंगोटाचा वाटला.

मावशी परत आल्या. “हिला मांडी माहीत नाय ओ. आम्हाला पोरं बारा आणि मांड्या दोन. कुणाकुणाला घेणार? तुम्ही येकदम सगळी मांडी दिली तर घाबरणारच ना ती.”

“माझ्याच्यानं नाही होणार,” मी म्हटलं. “लिहून घ्या. मी सही करते.”

“ऑफिसात कुणी नाय आज. ताई कोर्टात गेल्यात. लिहून घेणारं कोण? उद्या या तुम्ही.”

“मग हिला ठेवून जाते.”

“तसं नाय ठेवता येत. कागदावर ती तुमच्याकडं हाय.” त्यांनी पोरीला उचललं, तोंड पुसलं आणि माझ्या हातात दिलं. “उद्या सकाळी आणा. धा वाजता.”

तर अशी मी माझ्या मुलीला घरी घेऊन आले. मायेनं नव्हे. ऑफिस बंद होतं म्हणून.

घरी येताच मी खिडक्या उघडल्या, स्वयंपाकघरात ओट्याजवळ गोधडी टाकली आणि तिला ठेवलं. कुकर लावला. शिट्ट्या झाल्या तशी पोर पाय हलवायला लागली. सासूबाईंनी आपण होऊन भांडी जरा जोरात आपटायला सुरुवात केली. मग मी डोक्याचा स्कार्फ सोडला, त्याची गुंडाळी केली, तिच्या उशाशी ठेवली आणि त्यावर बाटली टेकवली. ती प्यायली. मी हातभर लांब, भिंतीला टेकून बसले. तिच्याकडे बघायचंही धाडस नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी गेले नाही. उद्या जाऊ म्हटलं. परवाही तेच. त्याला कुणी माया म्हणत असेल तर म्हणो, मी आळस म्हणते. स्कार्फ रोज बोटभर माझ्याकडे सरकत होता, तो मीच सरकवत होते. माझ्या मांडीवर तो पोचायला सबंध पावसाळा गेला. मधल्या काळात कोर्टाचा हुकूम झाला. त्या दिवशी यांनी पेढे आणले, आणि मी मोरीत जाऊन रडले, कारण आता परत देण्याची वाट बंद झाली होती.

आता ही मुलगी घोडबंदर रोडला, बाविसाव्या मजल्यावर राहते. तिला महिन्यापूर्वी मुलगी झाली, आणि मी बाळंतपणाला ठाण्यात येऊन राहिलेय. या वेळी स्कार्फ नाही, शेगडी नाही. एसी आहे. पण मला ती शांतता ओळखू येते. लेक बाळाला पाजते आणि खिडकीबाहेर बघत राहते. परवा दुपारी जावई बाहेर गेले होते, बाळ माझ्या मांडीवर झोपलं होतं, तेव्हा ती म्हणाली, “आई, मला हिच्याबद्दल काहीच वाटत नाहीये. तुझं माझ्याबाबत असं कधी झालं होतं?”

मी सवयीनं सुरू झाले. स्कार्फ, काश्मीर, लाडू. ती लहानपणापासून ऐकत आलीय. नेहमीच्या जागी ती हसली नाही. मी चहा ठेवायला उठणार होते, पण मांडीवर बाळ होतं.

मग मी पुढचं सांगितलं. पिशवी, रिक्षा, लंगोटाची घडी, बंद ऑफिस. सगळं.

तिनं बाळाच्या पायावरचं दुपटं सारखं केलं. मग तिनं विचारलं, “ऑफिस उघडं असतं तर?”

तीस वर्षं मी लोकांना हसवत आले ते याच प्रश्नाला घाबरून. खोटं बोलायला जिभेवर तयार होतं, छान, गोड. तिच्या चेहऱ्याकडे बघून ते गिळलं.

“माहीत नाही गं,” मी म्हटलं.

तिनं माझ्या मांडीवरून बाळ उचललं, आत गेली आणि दार लावून घेतलं. कडी घातल्याचा आवाज येतो का, ते मी ऐकत बसले. तो आला नाही.