गळ्याशी थांबलेला हात

काउंटरच्या काचेवर बोटाच्या पेरांनी दोनदा टकटक. मग मोबाइल काचेवर उताणा. मग बाईंचा उजवा हात हवेत मध्येच थांबायचा आणि त्या म्हणायच्या, "बघा. इथं अडकलं."

नमस्कार नाही, चमत्कार नाही. मी जेवणाचा डबा उघडून बसलेला असो की कुणाशी लग्नाची तारीख ठरवत असो, बाईंना त्याचं काही नसायचं. मी मोबाइलवरचा व्हिडिओ पाहून "हो, अडकलं" म्हणेपर्यंत हात तसाच वर. एकदा मी मुद्दाम वेळ काढला. हात खाली आला नाही. शेवटी मीच वरमलो.

माझं दुकान सोलापुरात साखर पेठेतल्या एका गल्लीत. लग्न, बारसं, साठीशांत, जे असेल त्याचं शूटिंग आणि मिक्सिंग. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला कर्णबधिर मुलांची निवासी शाळा होती, बाई तिथं शिकवायच्या. निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरलेली, चष्मा कपाळावर, पदर कमरेला खोचलेला. बोलताना त्यांचे हात आधी बोलायचे, तोंड मागून यायचं. भाजीवाल्यालासुद्धा "अर्धा किलो" हातानं सांगून झाल्यावर मग तोंडानं सांगायच्या. अशी माणसं तुमच्याही गल्लीत असतील. त्यांच्या तावडीत सापडेपर्यंत ती फार गमतीची वाटतात.

मी सापडलो तो दिवाळीनंतर.

"शूटिंगवाले, खुणांचे व्हिडिओ करायचेत. साध्या मोबाइलवर न अडकता चालले पाहिजेत. होईल ना?"

मला हसू आलं. अख्खं लग्न पेनड्राइव्हवर भरून देणारा माणूस मी. म्हटलं, "उद्या न्या." हा उद्या पुढे किती लांबला, ते आता सांगायलाही लाज वाटते.

बाईंच्या वर्गात सांगोल्याकडची एक आठ वर्षांची मुलगी होती. आईबाप दर हंगामात ऊसतोडीला श्रीपूरला. दिवाळीच्या सुट्टीत पोरगी त्यांच्या कोपीत, म्हणजे उसाच्या पाचटाच्या झोपडीत, राहायला गेली आणि तिथं तिचं पोट दुखायला लागलं. ती दोन दिवस रडत होती. आईला वाटलं दाढ दुखतेय. तिनं पोरीला दातात लवंग धरायला लावली, गालाला फडकं बांधलं. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर आईवर ओरडले, आणखी उशीर झाला असता तर काय केलं असतं म्हणून.

"पोरीला खूण येते हो," बाई सांगत होत्या. "चांगली येते, मीच शिकवलीय. आईला येत नाही. मग एकटीला येऊन काय करायचं? ती बोलली आणि आई बघत बसली. आईला शिकवायला पाहिजे. आई फडात, मी इथं. मोबाइल तरी जाईल की तिथं!"

भूक, तहान, ताप, भीती वाटते, लघवीला जायचंय, पोटात दुखतंय. अशा वीसेक खुणा. पुढच्या वेळी पोरगी कोपीत जाईल तेव्हा आईला त्या कळल्या पाहिजेत, एवढंच बाईंचं मागणं होतं.

मी शाळेत जाऊन माझ्या लग्नाच्या कॅमेऱ्यानं झकास शूटिंग केलं. पोरीच्या बापाचा मोबाइल होता तसलाच एक जुना मोबाइल बाईंनी कुणाकडून तरी मिळवला होता. त्यावर माझा व्हिडिओ लावला तर काळा पडदा आणि खाली ओळ, हा व्हिडिओ चालवता येत नाही. दुसऱ्या खेपेला पहिलं चित्र येऊन जे थांबलं ते थांबलंच. तिथून माझ्या डोक्याचा भुगा सुरू झाला. लहान केला तर चेहरा पुसट. मोठा ठेवला तर मोबाइल तापायचा आणि बंद पडायचा. माझ्या मोबाइलवर पळणारा व्हिडिओ त्यांच्या मोबाइलवर लंगडायचा. मेसेजवरून पाठवला तर वाटेत आणखी दाबला जायचा. प्रत्येक मोबाइलची वेगळी नाटकं, आणि सगळ्या नाटकांचा जाब बाई मला विचारायच्या.

त्यात माझी स्वतःची हुशारी होतीच. पहिल्या व्हिडिओला आवाज नव्हता, ते मला इतकं ओकंबोकं वाटलं की मी खाली बासरी टाकली. बाईंनी मोबाइल कानाला लावून बासरी शेवटपर्यंत ऐकली.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "कुणासाठी?"

मी मोबाइलचा आवाज कमी केला.

"आवाज पार काढून टाका. जागा खातो ना तो? ती जागा बोटांना द्या."

दुसऱ्या वेळी मी चित्र उभं कापलं. मोबाइल उभा धरतात, पडदा भरून बाईंचा चेहरा दिसावा हा माझा हिशेब. लग्नात आम्ही चेहऱ्यालाच तर जपतो. बाईंनी पाहिलं आणि काचेवर तिसरी टकटक झाली, ती जरा जोरात.

"माझं तोंड घेऊन ती बाई काय करणार? हात कुठं आहेत माझे? अहो, जीभच कापलीत की माझी!"

पुन्हा शूटिंग. बाईंनी पाठीमागं हौसेनं मोरांची सोलापुरी चादर टांगली होती. वर पंखा फिरत होता, चादर हलत होती, आणि कन्व्हर्ट करताना सगळी ताकद त्या हलणाऱ्या मोरांवर खर्च होत होती. बाईंच्या वाट्याला काही उरतच नव्हतं, बोटं एकमेकांत वितळायची. हे माझ्या लक्षात यायला आठवडा गेला. चादर काढली, चुन्याची भिंत ठेवली, पंखा बंद केला. सोलापूरची दुपार, त्यात माझे दोन मोठे दिवे. मी घामानं निथळत होतो. बाई एकच खूण दहा-दहा वेळा करत होत्या. काचेच्या बांगड्या दिव्यात चमकत होत्या, मी चाचरत ते सांगितलं, तर त्यांनी त्या सरळ उतरवून खिडकीत ठेवल्या. दुसऱ्या एक शिक्षिका "अहो, असं काय करता" म्हणाल्या. बाई म्हणाल्या, "हात मोकळे बरे." मला राग राग येत होता आणि या बाईपुढं रागावताही येत नव्हतं.

संक्रांत जवळ आली तोवर बहुतेक खुणा जमल्या होत्या. सगळ्यात लांबची राहिली होती. "आई, पोटात दुखतंय." आई म्हणजे नाकाला, चमकी असते तिथं, बोट लावायचं. तिथून हात सरळ खाली पोटावर आणायचा आणि मूठ पिळायची. बाई ती झरकन करायच्या.

आणि पोरीचा बाप आला. संक्रांतीला चार दिवस पोरीला न्यायला. चारची एसटी, साडेतीन वाजलेले. बाई त्याला घेऊन दुकानात, पोरगी त्याचा सदरा धरून. मला त्याच संध्याकाळी एका हळदीला जायचं होतं, बॅगा भरायच्या होत्या. व्हिडिओ म्हणजे शेवटी एका सेकंदात पंचवीस चित्रं. मी घाईत पंचवीसची दहा केली. लग्नात कुणाला कळतही नाही. फार तर अक्षता टाकणारी मावशी जराशी उडी मारते. व्हिडिओ एकदम हलका झाला. बापाच्या मोबाइलवर लावला तर चालला.

"लई झ्याक चालतंय बगा!" बाप खूश झाला.

बाईंनी मोबाइल हातात घेतला. एकदा पाहिला, दोनदा पाहिला. मग त्यांचा हात नाकावरून निघाला आणि गळ्याशी थांबला.

"इथं अडकतोय. गळ्याशी थांबतो आणि मग एकदम पोटावर उडी मारतो. आईला काय कळायचं? पोट दुखतंय की गळा?"

आणि माझा तोल गेला. दोन-अडीच महिन्यांचं सगळं बाहेर आलं. "बाई, शेवटी पोटावर जातोय ना? चालतंय ना? किती चिवडायचं ते? त्या माणसाची एसटी जाईल. परवा नवीन करून पाठवतो!"

बाईंनी हात खाली घेतला. एवढ्या महिन्यांत, मी "हो, अडकलं" म्हणायच्या आधी त्यांनी तो पहिल्यांदाच खाली घेतला.

"शूटिंगवाले, बघणारा जसं बघतो तसंच शिकतो हो," त्या म्हणाल्या, आणि मोबाइल त्यांनी बापाला दिला.

त्या संध्याकाळी हळदीला कॅमेऱ्याचं कार्ड कमी पडत होतं. बाईंचं शूटिंग असलेलं कार्ड मी कोरं केलं. नाहीतरी पुन्हाच घ्यायचंय, म्हटलं. संगणकावर कन्व्हर्ट केलेली ती दहा चित्रांची खूण तेवढी राहिली.

परवा उजाडला नाही. लग्नसराई सुरू झाली. बाई यायच्या, दोन टकटक, "तेवढं एक राहिलंय." मी म्हणायचो, उद्या. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. पुढं पुढं त्या दुकानात यायच्याही नाहीत. रस्त्यानं जाता जाता माझ्याकडे बघून हात फक्त गळ्याशी थांबवायच्या. मी आतून मान हलवायचो. त्या पुढे जायच्या. त्यांच्या त्या हाताचा मला इतका वैताग आला होता की, खरं सांगतो, त्या दिसल्या की मी खाली वाकून काहीतरी शोधल्यासारखं करायचो.

मे महिन्यात बाई गेल्या. दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. शाळेला सुट्टी होती, पोरं आपापल्या गावी. बंद फाटकावर शाळेनं चार ओळींचा कागद लावला होता. मी तो वाचत उभा राहिलो आणि मनात आलं, पोरांना हे कोण सांगणार? त्यांच्या घरी ‘बाई गेल्या’ ही खूण कुणाला येत असेल?

दुकानात येऊन मी सगळी कार्डं, सगळ्या डिस्क उलथ्यापालथ्या केल्या. त्या हळदीची साडेतीन तासांची चित्रफीत सापडली. बाईंचं शूटिंग नाही. मी स्वतःवरच चिडलो, पण तिथं आता चिडूनही काय करायचं होतं? पाच मिनिटांचं काम होतं हो ते. पंखा बंद करायचा, बाईंना भिंतीपाशी उभं करायचं, एक खूण घ्यायची. पाच मिनिटं.

जूनमध्ये शाळा उघडली. दुसऱ्याच दिवशी एक बाई पोरीचा हात धरून दुकानाच्या पायरीशी उभी राहिली. पोरीला मी ओळखलं, म्हणजे ही तिची आई.

"शूटिंगचं दुकान हेच न्हवं? शाळंत म्हनले तुमच्याकडं जावा." तिनं पदराच्या गाठीतून मेमरी कार्ड काढलं. "ह्यांचा मोबाइल हिरीत पडला. कार्ड तेवढं घरी ऱ्हायलं हुतं म्हनून वाचलं. बाईंचं समदं ह्यात हाय. नव्या मोबाइलात घालून द्या की."

मी कार्ड लावलं. चुन्याची भिंत आणि बाई. भूक, तहान, ताप, सगळं स्वच्छ. शेवटी ती खूण. बोट नाकावर, हात खाली, गळ्याशी थांबला, मग पोटावर. मी नजर वळवली.

एवढ्यात पोरीनं आईचा पदर ओढला. आईनं खाली पाहिलं. पोरीनं नाकाला बोट लावलं, हात खाली आणला आणि गळ्याशी थांबवला. बाईंचा हात पडद्यावर थांबायचा तेवढाच वेळ थांबवला. मग पोटावर नेऊन मूठ पिळली.

"पोट दुकतंय व्हय?" आई तोंडानं म्हणाली आणि तिचेही हात चालू लागले. "तरी म्हनत हुते, स्टँडवरचं गार वडं नगं खाऊ." मग माझ्याकडं वळून, "वाईच पानी द्या की हिला."

मी पाणी दिलं. थोडं काचेवर सांडलं.

"ती गळ्याशी हात का थांबवते?" मी विचारलं.

आईनं माझ्याकडं अडाण्याकडं बघावं तसं पाहिलं. "थांबवायचाच असतोय की! आदी हितं थांबायचं, मंग पोटावर जायाचं. बाईंनी तसंच शिकवलंय." तिनं स्वतः करून दाखवलं. नाक, गळा, थांबली, पोट. "न्हाय थांबलं तर ही हसती मला. चुकलं म्हन्ती."

पोरगी पाणी पीत होती. पिताना पेल्याच्या वरून आईच्या हाताकडं बघत होती.

मी काही कन्व्हर्ट केलं नाही. जसे होते तसे सगळे व्हिडिओ नव्या मोबाइलात टाकले. तो चांगला मोबाइल होता, त्यावर काहीही पळालं असतं.

"ह्येच्यात अडकाय-बिडकायचं न्हाय न्हवं?" आईनं विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "बरोबर चालतंय."

पडद्यावर बाईंचा हात गळ्याशी आला होता. मी मोबाइल काचेवर उताणा ठेवला आणि तो हात खाली जाईपर्यंत थांबलो.